हरुद : दल सरोवराकाठचा शरद

(श्रीनगरच्या दल सरोवराकाठी शरद ऋतूत काय काय पाहायला मिळते, याची माहिती या पाठात दिली आहे. सहलीला जाणाऱ्याने तेथे कसे वागावे, याचाही विचार पाठात केला आहे.)



उर्दूच्या पुस्तकात 'खिज़ाँ' हा शब्द तुम्ही अनेकदा वाचला असेल. खिज़ाँ म्हणजे पानगळीचा मोसम. शायर हा शब्द बहुधा उदास अर्थाने वापरतात. बहार संपली, बाग उजाड झाली, की खिज़ाँ आली असे ते म्हणतात. मराठीत याच दिवसांना शरद ऋतू म्हणतात. पण मराठीतला शरद उदास नाही. पाऊस थांबलेला असतो, आकाश निवळलेले असते, नदीचे पाणी नितळ झालेले असते आणि कोजागरीच्या रात्री टिपूर चांदणे पडते. शरद आला की मराठी माणसाचे मन प्रसन्न होते.

एकाच मोसमाकडे दोन भाषा अशा वेगवेगळ्या नजरेने का पाहतात? कारण सोपे आहे. उर्दू शायरीने ऋतूंची भाषा फारसीकडून घेतली. इराणमध्ये या दिवसांत थंडी पडू लागते आणि झाडांची पाने गळतात. महाराष्ट्रात मात्र शरदात झाडे हिरवीगार असतात. आपल्याकडची पानगळ पुढे शिशिरात होते. म्हणजे दोन्ही भाषा खरेच बोलतात. प्रत्येक भाषा आपापल्या मातीबद्दल बोलते.

भारतात एक जागा अशी आहे, की तेथे शरद आणि खिज़ाँ हातात हात घालून येतात. ती जागा म्हणजे काश्मीर. काश्मिरी भाषेत या ऋतूला 'हरुद' म्हणतात. हा शब्द नीट ऐका. संस्कृतमधल्या 'श'चा काश्मिरीत पुष्कळदा 'ह' होतो. 'शत' म्हणजे शंभर. काश्मिरीत त्याला 'हथ' म्हणतात. 'शाक' म्हणजे भाजी. काश्मिरी लोकांच्या रोजच्या जेवणातल्या पालेभाजीचे नाव 'हाख' आहे. तसाच 'शरद'चा 'हरुद' झाला. म्हणजे आपला शरद आणि त्यांचा हरुद ही सख्खी भावंडे आहेत.

हरुद पाहायला कधी जावे? आपल्या शाळांना दिवाळीची सुट्टी असते, साधारण त्याच सुमारास काश्मिरात हरुदाचा रंग भरात असतो. पूर्वी श्रीनगरला जायचे तर जम्मूपासून पुढे घाटरस्त्याचा लांब प्रवास करावा लागे. ६ जून २०२५ रोजी कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली. या मार्गावर चिनाब नदीवरचा पूल लागतो. तो नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंच आहे.

श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १५८० मीटर उंचीवर आहे. ऑक्टोबरमध्ये तेथे दुपारचे ऊन हवेहवेसे वाटते. पण सूर्य मावळला की गारठा पडतो. म्हणून लोकरीचे कपडे बरोबर हवेत. शहराच्या पूर्वेकडे, डोंगरांच्या पायथ्याशी दल सरोवर पसरले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १८ चौरस किलोमीटर आहे. सरोवरात 'हाउसबोट' नावाची लाकडी घरे पाण्यावर उभी असतात. ती देवदाराच्या लाकडाची असतात आणि आतून सुंदर कोरीवकामाने सजवलेली असतात. संस्थानी काळात बाहेरच्या माणसांना काश्मिरात जमीन विकत घेता येत नसे. म्हणून उन्हाळ्यात येणारे इंग्रज लोक बोटीतच राहू लागले. त्यातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाउसबोटींचा व्यवसाय वाढला. काठापासून हाउसबोटीपर्यंत नेणाऱ्या छोट्या नावेला 'शिकारा' म्हणतात.

सरोवराच्या काठी मोगलांच्या बागा आहेत. शालिमार बाग जहांगीर बादशहाने १६१९ मध्ये उभारायला घेतली. निशात बाग नूरजहाँचा भाऊ आसफखान याने १६३३ च्या सुमारास केली. ती पायऱ्यापायऱ्यांनी डोंगराकडे चढत जाते. पश्चिम काठावर हजरतबलची पांढऱ्या संगमरवराची दर्गाह आहे. तिची सावली पाण्यात पडते. हजरतबलच्या जवळच नसीम बाग आहे. हरुदात तेथे जरूर जावे, कारण ती चिनारांची बाग आहे.

चिनार हा काश्मीरचा राजवृक्ष. त्याचे पान हाताच्या पंजासारखे असते. थंडी पडू लागली आणि दिवस लहान झाले, की पानातले हरितद्रव्य नाहीसे होऊ लागते. मग पान आधी पिवळे, नंतर केशरी आणि शेवटी तांबडे होते. संध्याकाळच्या उन्हात असे झाड पेटल्यासारखे दिसते. वाळलेली पाने जमिनीवर पडतात आणि त्यांवरून चालताना कुरकुर आवाज होतो. ती पानेही वाया जात नाहीत. बायका ती झाडून गोळा करतात आणि जाळून त्यांचा कोळसा करतात. हा कोळसा 'कांगडी'त घालतात. कांगडी म्हणजे वेताच्या टोपलीत बसवलेली मातीची शेगडी. थंडीत काश्मिरी माणूस 'फेरन' नावाच्या सैल झग्याच्या आत ती धरून ऊब घेतो. मात्र पाने जाळल्याने धूर फार होतो, म्हणून ती जाळू नयेत असे प्रशासन आता सांगते.

चिनार तोडायचा असेल तर सरकारी परवानगी लागते. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत २८,००० हून अधिक चिनारांची मोजदाद करून प्रत्येक झाडाची जागा नोंदवण्यात आली.

श्रीनगरपासून सुमारे १५ किलोमीटरवर पांपोर आहे. तेथे केशराची शेती होते. ऑक्टोबरच्या अखेरीस व नोव्हेंबरच्या सुरुवातीस उघड्या जमिनीतून जांभळी फुले वर येतात. हे दिवस थोडेच असतात. फुले सकाळी लवकर खुडतात. प्रत्येक फुलात तीनच लाल तंतू असतात. ते हाताने वेगळे करून वाळवतात. एक किलो केशरासाठी सुमारे दीड लाख फुले लागतात! केशर महाग का असते, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. २०२० मध्ये काश्मिरी केशराला भौगोलिक मानांकन मिळाले. पण पाऊस वेळेवर न पडणे, जमिनीवर घरे उठणे अशा कारणांनी केशराची शेती कमी होत गेली. ती टिकावी म्हणून सरकारने २०१० मध्ये राष्ट्रीय केशर मोहीम सुरू केली.

हरुद हा सुगीचाही काळ आहे. भात कापून झालेला असतो. सफरचंदांच्या पेट्या भरल्या जातात. अक्रोड झोडून त्यांची हिरवी साल काढतात, तेव्हा माणसांचे हात काळे होतात. दल सरोवरात पहाटे भाजीबाजार भरतो. हा बाजार जमिनीवर नसून पाण्यावर असतो. शेतकरी आपापल्या नावा घेऊन येतात आणि नावेतूनच माल विकतात. पाणवनस्पती आणि चिखल यांचे थर रचून केलेल्या तरंगत्या वाफ्यांवर ही भाजी पिकते. असा वाफा ओढून दुसरीकडे नेता येतो. वॉल्टर लॉरेन्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८९५ च्या आपल्या ग्रंथात अशा तरंगत्या जमिनीच्या चोरीचाही उल्लेख केला आहे. जमीन चोरीला जाते, हे तुम्ही कधी ऐकले होते का?

याच दिवसांत घराघरांच्या खिडक्यांवर वांगी, दुधी आणि टोमॅटो यांच्या फोडींच्या माळा वाळत घातलेल्या दिसतात. हिवाळ्यात बर्फ पडले की ताजी भाजी मिळणे पूर्वी कठीण असे. त्यासाठी ही तरतूद. आपली आई उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे करून पावसाळ्याची बेगमी करते, तसेच हे काश्मिरी वाळवण. ऋतू वेगळा, पण गृहिणीची काळजी एकच.

श्रीनगरजवळ होकरसर नावाची पाणथळ जागा आहे. २००५ मध्ये तिला रामसर स्थळ म्हणून आंतरराष्ट्रीय महत्त्व मिळाले. हरुदात सैबेरिया आणि मध्य आशियातून हजारो बदके व हंसजातीचे पक्षी तेथे उतरू लागतात. ते दूरचे पाहुणे असतात. त्यांना पाहताना गोंगाट करू नये.

मित्रांनो, हे सारे वाचून तुम्हांला दलकाठी जावेसे वाटले असेल. पण एक गोष्ट विसरू नका. दल सरोवर आजारी आहे. शहराचे आणि वस्त्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे त्यात जात राहिले. सांडपाण्यात वनस्पतींचे खाद्य असते. त्यामुळे पाण्यात तण माजते. ते तण कुजले की पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे मरतात. काठाचा भाग गाळाने भरत जातो. पूर्वी जेथे पाणी होते, तेथे आज पुष्कळ ठिकाणी जमीन झाली आहे. यंत्रे लावून आणि माणसे लावून तण काढण्याचे काम चालते. पण एकीकडे तण काढायचे आणि दुसरीकडे घाण सोडायची, तर सरोवर कसे वाचेल?

सरोवराबरोबर माणसांचेही पोट जोडलेले आहे. शिकारेवाला, भाजीवाला, हाउसबोटीचा मालक, शाल विणणारा, घोडेवाला या सर्वांची चूल पाहुण्यांवर पेटते. सप्टेंबर २०१४ मध्ये झेलमला मोठा पूर आला आणि श्रीनगरचा बराच भाग पाण्याखाली गेला. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ दहशतवाद्यांनी २६ निरपराध माणसांना ठार मारले. त्यांत महाराष्ट्रातून गेलेले पर्यटक होते. पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला एक स्थानिक घोडेवालाही त्यांत होता. मरणारे कोणत्या गावचे, कोणत्या धर्माचे, हे त्या घोडेवाल्याने पाहिले नाही. पाहुण्याचे रक्षण करणे हा त्याने आपला धर्म मानला. त्या घटनेनंतर पर्यटकांची संख्या एकदम घटली आणि कष्टाने जगणाऱ्या माणसांवर उपासमारीची पाळी आली.

म्हणून सहलीला जाणाऱ्याने काही नियम पाळावेत. प्लॅस्टिकची पिशवी किंवा बाटली पाण्यात टाकू नये. चिनाराच्या खोडावर नाव कोरू नये. केशराच्या शेतात पाय ठेवण्यापूर्वी मालकाला विचारावे; कारण तुमच्या एका पावलाखाली त्याची कमाई चिरडली जाऊ शकते. शिकारेवाल्याशी भाव जरूर करावा, पण त्याचा अपमान करू नये. दर्गाह असो, मंदिर असो वा गुरुद्वारा, तेथील रीत पाळावी. श्रीनगरच्या हरी पर्वतावर ही तिन्ही प्रार्थनास्थळे आहेत, हे ध्यानात असू द्या.

हे नियम केवळ काश्मीरसाठी नाहीत. तुमच्या गावातही एखादा तलाव असेल. त्याच्या काठी आज कोण राहतात, त्यात कोणते पाणी सोडले जाते, हिवाळ्यात तेथे कोणते पक्षी येतात, हे तुम्हांला ठाऊक आहे का? नसेल, तर येत्या सुट्टीत जाऊन पाहा.

हरुदात पान गळते, हे खरे. पण त्याच दिवसांत कोठार भरते, केशर फुलते आणि दूरचे पक्षी घरी येतात. शायराची खिज़ाँ आणि कवीचा शरद, दोन्ही दलकाठी एकत्र भेटतात. ती भेट पुढच्या पिढ्यांनाही पाहता यावी, एवढे पाणी स्वच्छ ठेवणे आपल्या हाती आहे.

शब्दार्थ
सरोवर – मोठा तलाव, झील
निवळणे – स्वच्छ होणे, साफ होना
टिपूर चांदणे – लख्ख, भरपूर चांदणे
सुगी – पीक हाती येण्याचा काळ, फसल का मौसम
बेगमी – पुढच्या दिवसांसाठी केलेला साठा
वाळवण – उन्हात वाळवलेले खाद्यपदार्थ
पाणथळ – नेहमी पाणी साचून राहणारी (जागा)
निरपराध – ज्याचा गुन्हा नाही असा, बेगुनाह
कोठार – धान्य साठवण्याची जागा

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) काश्मिरी भाषेत शरद ऋतूला काय म्हणतात?
(आ) केशराच्या एका फुलात किती तंतू असतात?
(इ) होकरसर येथे हरुदात कोण येतात?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) उर्दू शायरीतील खिज़ाँ आणि मराठीतील शरद यांत फरक का आहे?
(आ) काश्मिरी गृहिणी भाज्या का वाळवतात?
(इ) सांडपाण्यामुळे सरोवरातले मासे कसे मरतात?

प्र. ३. वाक्यांत उपयोग करा.
हातात हात घालून येणे, ध्यानात येणे, पाळी येणे.

प्र. ४. 'पाहुण्याचे रक्षण करणे हा त्याने आपला धर्म मानला.' या वाक्यातील 'धर्म' या शब्दाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

उपक्रम : आपल्या गावाजवळच्या तलावाला शिक्षकांबरोबर भेट द्या. तेथे जे दिसले, ते दहा ओळींत मराठीत लिहा.