शेजाऱ्यांची रिकामी भांडी

(संकटातील बालकांची सेवा व नव्या माणसांचा स्वीकार : मंडळीतील वर्गांसाठी धडा)

शास्त्रभाग : २ राजे ४:१–७, मार्क ९:३३–३७, प्रेषितांची कृत्ये ९:२६–२८.

मुख्य विचार : ज्या मंडळीत संकटातील बालकास मध्ये जागा मिळते, त्याच मंडळीत नव्या माणसासही घर मिळते. ही जागा मोठ्या देणगीने होत नाही. प्रत्येक शेजाऱ्याने आपले रिकामे भांडे पुढे केल्याने होते.



दसरा होऊन दिवाळी जवळ आली म्हणजे बीड, अहिल्यानगर, जालना ह्या जिल्ह्यांतील पुष्कळ गावांत काय होते, हे आपणांस सांगावयास नको. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा कोयता ऊसतोडीस निघतो. ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, पीठमीठ, अंथरुणे चढतात आणि त्यांच्यावर लहान मुलेही बसतात. पुढील पाच-सहा महिने त्यांचे घर म्हणजे कारखान्याच्या परिसरातील कोपी. धाकट्यास सांभाळण्यासाठी थोरलीची शाळा सुटते. मुलगी थोडी मोठी असली, तर तिला मागे कोणाच्या भरवशावर ठेवावे ह्या धास्तीने हंगामापूर्वीच तिचे लग्न उरकण्याची घाई होते. हा धडा त्याच दिवसांसाठी आहे. तो ट्रॅक्टर निघण्यापूर्वी शिकावा, निघून गेल्यावर नव्हे.

१. सावकार दाराशी आला

राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील ही विधवा परक्या घरची नव्हती. तिचा पती संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी होता आणि देवाचे भय बाळगणारा होता. तरी तो मेला तेव्हा मागे कर्ज राहिले. ह्यावरून पहिली गोष्ट शिकावी : कर्ज व संकट भक्तिमान घरासही गाठते. म्हणून गरीब आईबापांस पाहून, "ह्यांच्याच पापाचे हे फळ," असे म्हणण्याचा अधिकार कोणास नाही.

दुसरी गोष्ट अधिक दुःखाची आहे. सावकार शेत नेण्यास आला नव्हता. तो तिच्या दोन मुलांस दास करून नेण्यास आला होता. घरातील कर्ज शेवटी बालकाच्या पाठीवर बसते, हे शास्त्र आपणांस इतक्या प्राचीन काळापासून दाखवीत आहे. आपल्या देशात १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली. कर्जापोटी माणसास राबविण्याचा हक्क आता कोणास नाही. तथापि जिच्या बापाने उचल घेतली, त्या मुलीचे दप्तर खुंटीस लटकलेले राहते. तिला कोणी सावकाराने नेले नाही, हे खरे. परंतु कर्जाने नेलेच.

आता अलीशाने काय केले ते पाहा. "तुझ्याजवळ काय नाही?" असे त्याने विचारले नाही. घरात काय आहे, हे त्याने विचारले. होते ते थोडेसे तेल. मग त्याने तिला शेजाऱ्यांकडे पाठविले, आणि तेही भरलेली भांडी मागण्यास नव्हे, रिकामी मागण्यास. आणि थोडी आणू नको, असेही बजावले. तेल देवाने वाढविले, पण ते साठले शेजाऱ्यांच्या भांड्यांत. भांडी संपली तेव्हा तेल थांबले. बंधूंनो, हे वाक्य हृदयात धरा. पुष्कळदा देवाची कृपा आटत नाही. आमच्या आळीतील भांडी संपतात.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. भांडी आईच्या हाती कोणी दिली? त्याच दोन मुलांनी. ज्यांस सोडवावयाचे तीच त्या कामात भागीदार झाली. बालकास केवळ घेणारा हात समजू नये. त्याच्या हातातही भांडे द्यावे.

२. आमची रिकामी भांडी कोणती?

पुष्कळ मंडळ्या म्हणतात, "आम्हीच गरीब, आम्ही अनाथांचे काय करणार? ते मोठ्या संस्थांचे काम." ह्याचे उत्तर म्हणून आमच्या परिचयाच्या एका लहानशा मंडळीची गोष्ट सांगतो.

तेथील एक जोडपे तोडीस निघाले होते. त्यांची अकरा वर्षांची मुलगी व तीन वर्षांचा मुलगा घरी आजीजवळ राहू शकले असते. परंतु आजीस दिसत कमी होते, आणि चुलीपाशी तिचे हात भाजत. तेवढ्या एका अडचणीपायी दोन्ही मुले ट्रॅक्टरवर चढणार होती. रविवारी उपासनेनंतर स्त्रियांनी तेथेच बसून हिशेब केला. तीन घरांनी पाळीपाळीने भाकरी देण्याचे पत्करले. एका निवृत्त शिक्षकाने आपल्या ओसरीवर संध्याकाळी दिव्याची सोय केली. एका विधवेने आजीच्या घरी रात्री निजावयास जाण्याचे ठरविले. धाकटा अंगणवाडीत जाऊ लागला, थोरली शाळेत राहिली. एका तरुणाने आपल्या फोनवरून दर रविवारी आईबापांशी मुलांचे बोलणे करून दिले. ह्यांत देणगी कोणती? भाकरी, दिवा, एक अंथरूण, अर्धा तास. सारी रिकामी भांडीच!

पुढे शेजारच्या आळीतून एक बाई आली. तिचे घर ख्रिस्ती नव्हते. "आमचं पोरगंही ओसरीवर बसलं तर चालेल का?" असे तिने विचारले. मंडळीच्या वडिलांत चर्चा सुरू झाली. तेव्हा त्या आंधळ्यासारख्या आजीनेच विचारले, "त्या विधवेनं भांडी मागितली, ती शेजाऱ्यांचा धर्म पुसून मागितली होती का?" चर्चा तेथेच संपली. ते मूल ओसरीवर आले, शिकले, आणि उन्हाळ्यात आईबाप परतल्यावर आपल्या घरी गेले. ते घर आजही मंडळीत आलेले नाही. तरी त्या हिवाळ्याची सेवा वाया गेली असे आम्ही मानीत नाही.

३. केडगावचा दाखला

लहान भांड्यांतून केवढे काम उभे राहते, ह्याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. पंडिता रमाबाईंचे आईबाप व बहीण दुष्काळात मरण पावली. भावासह पायी भटकत ती तरुण मुलगी १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. भूक म्हणजे काय, हे तिला पुस्तकातून कळले नव्हते. म्हणूनच १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे दोन हजारांपर्यंत गेली.

परंतु संख्येहून रीत अधिक लक्षात घ्यावी. आलेल्या मुलींस केवळ जेवू घालून बसविले नाही. त्यांस अक्षरे शिकविली; शेती, विणकाम, शिवण व छापखान्याचे काम शिकविले. रमाबाईंनी केलेले मराठी बायबलचे भाषांतर त्याच आवारातील छापखान्यात मुलींच्या हातून जुळविले गेले. १९२२ साली रमाबाई प्रभूकडे गेल्या. १९२४ साली ते संपूर्ण छापून निघाले. ज्यांस दुष्काळाने टाकून दिले होते, त्यांच्या हातांनी शास्त्र मंडळीच्या हाती आले. अलीशाच्या काळातील ती दोन मुले भांडी उचलीत होती, त्याचीच ही आवृत्ती नव्हे काय?

त्याच चरित्रातून एक इशाराही मिळतो. मुक्तीपूर्वी, १८८९ साली मुंबईत सुरू होऊन पुढे पुण्यास गेलेल्या शारदा सदनातून १८९३ साली बऱ्याच पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. कारण तेथे मुलींस ख्रिस्ती धर्माकडे वळविले जाते, असा त्यांचा आक्षेप होता. त्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. आपण एवढेच शिकावे की, दुसऱ्याचे बालक आपल्याजवळ येते तेव्हा त्याच्या आईबापांचा विश्वासही ठेव म्हणून आपल्याजवळ येतो. पालकापासून काहीही लपवू नये. भाकरीवर अट घालू नये. गळाला लावलेले आमिष व प्रीतीने दिलेली भाकरी ह्यांतील भेद मूल जाणते, आणि देवही जाणतो.

४. बालक मध्ये, नवा माणूसही मध्ये

मार्काच्या शुभवर्तमानात शिष्य वाटेने वाद करीत होते की, आपणांत मोठा कोण. प्रभूने एक बालक घेऊन त्यांच्या मध्ये उभे केले आणि त्यास कवेत घेतले. कडेस नव्हे, दाराशी नव्हे, मध्ये. मानाची चर्चा चालली असता ज्यास काहीच मान नाही, त्यास त्याने त्या जागी आणले.

आता हाच नियम नव्या सभासदास लावून पाहा. शौल यरुशलेमेस आला तेव्हा शिष्य त्यास भ्याले. हा खरोखर शिष्य झाला आहे, ह्यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांचे भय अकारण नव्हते. तरी बर्णबाने त्यास आपल्याबरोबर घेतले, प्रेषितांकडे नेले, त्याची हकिगत स्वतः सांगितली. तेव्हा तो त्यांच्यात येऊ-जाऊ लागला. मंडळीने शौलास स्वीकारले, ते एका बर्णबाच्या हातून. आपल्या मंडळीत नव्या कुटुंबासाठी बर्णबा कोण आहे?

येथे स्पष्ट बोलणे भाग आहे. आमच्या आजोबा-पणजोबांपैकी पुष्कळांस गावच्या विहिरीवर घागर बुडवू देत नसत. देवाच्या घरात त्यांस प्रथमच चटईवर बसावयास जागा मिळाली. त्यांचीच आम्ही नातवंडे. आणि आज दुसऱ्या जातीतून, दुसऱ्या वस्तीतून एखादे घर आले, तर आम्हीच त्यांस मागच्या भिंतीशी बसवितो. प्रीतिभोजनात त्यांच्या हातचे वाढप टाळतो. लग्नाची गोष्ट निघाली की पूर्वाश्रमीची जात काढतो. हे पाप आहे. ह्यास रूढी म्हणून झाकू नये. बाप्तिस्म्याच्या पाण्याने ज्यास आत घेतले, त्यास पिण्याच्या पाण्याने बाहेर ठेविता येत नाही.

नव्या माणसास तीन गोष्टी द्याव्या : त्याच्या नावाने हाक, बसण्यास आपल्या शेजारची जागा, आणि लवकरच एखादे काम. ज्यास काम नाही, तो वर्षानुवर्षे पाहुणाच राहतो.

५. प्रीतीस सावधपणाची जोड

शिक्षकांनी पुढील गोष्टी वर्गात नीट समजावून सांगाव्या.

(अ) कोणी नसलेले, हरवलेले वा छळ होत असलेले मूल आढळल्यास १०९८ ह्या क्रमांकावर कळवावे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा मुलास प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. दया आली म्हणून ते गुपचूप घरी ठेवून घेऊ नये.

(आ) "शहरात फुकट शाळा, फुकट जेवण," असे सांगून मुले नेणारा मनुष्य गावी आला, तर तो प्रार्थना करतो एवढ्यावरून त्याच्या हाती मूल देऊ नये. संस्थेच्या नोंदणीचा दाखला पाहावा आणि समितीकडे चौकशी करावी.

(इ) सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शिक्षणाचा हक्क आहे. मागील शाळेचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. तोडीवरून परतलेल्या मुलाबरोबर शाळेत जाणे, हेही एक भांडे आहे.

(ई) अठरा वर्षांखालील मुलीचे व एकवीस वर्षांखालील मुलाचे लग्न कायद्याने निषिद्ध आहे. पाळकाने ते लावू नये, आणि मंडळीने त्या मांडवात जेवू नये.

(उ) विधवेने तेल ओतताना दार लावून घेतले होते. त्या कामाचा तमाशा झाला नाही. म्हणून ज्यांस साहाय्य केले, त्या मुलांची छायाचित्रे दाखवीत फिरू नये. परंतु मुलांचा वर्ग चालतो त्या खोलीचे दार मात्र सदैव उघडे असावे, आणि तेथे दोन मोठी माणसे असावी. आमची कीर्ती झाकलेली बरी, बालकाची वागणूक उजेडातली बरी.

वर्गासाठी प्रश्न

१. अलीशाने भरलेली भांडी न मागविता रिकामी का मागविली?
२. आपल्या मंडळीतील कोणती मुले ह्या हंगामात शाळा सोडणार आहेत? त्यांची नावे सांगा.
३. गेल्या वर्षात आलेले कोणते कुटुंब अद्याप मागे बसते? का?
४. तुमच्या घरातील रिकामे भांडे कोणते?

ह्या आठवड्याचे काम

पाळक, शिक्षक व दोन वडील भगिनींनी मिळून वस्तीत घरोघर जावे. तोडीस कोण निघणार, मुले कोणाजवळ राहणार, मागे राहण्यास अडचण कोणती, हे विचारावे. उपदेश करू नये. रविवारी ती अडचण मंडळीपुढे ठेवावी. पैसा शेवटी मागावा. प्रथम भाकरी, दिवा, अंथरूण व वेळ मागावा. आणि थोडा मागू नये.

त्या विधवेने तेल विकून कर्ज फेडले, आणि उरलेल्यावर ती व तिची मुले जगली. मुले घरीच राहिली. देव ह्या हंगामात आमच्या गावांतील मुले घरी ठेवो, आणि त्यासाठी लागणारी भांडी आमच्या दारांतून निघोत. आमेन.