केबलवरचा आकडा

हळ्ळीखेड (बी), ता. हुमनाबाद, जि. बीदर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

फायबरच्या कामावर लागलास, हे अक्काने फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. स्प्लायसिंग मशीन तू लवकर शिकशील; जोडणीचं बारीक काम आता मशीनच करतं. केबलवर छापलेलं मात्र तुलाच वाचावं लागेल, आणि लोक नेमका त्याचाच कंटाळा करतात.

ड्रम आला की आधी जॅकेटवरची ओळ वाच. कंपनीचं नाव, वर्ष, किती फायबर, कोणत्या जातीचे. २४एफ म्हणजे २४ फायबर. जी.६५२डी हा लांबच्या लाइनीतला सिंगल मोड. जी.६५७ए घरात शिरणाऱ्या केबलीत, कारण कोपऱ्यात वाकवला तरी त्यातला प्रकाश फारसा गळत नाही. ओएम३, ओएम४ असेल तर ती मल्टिमोड, इमारतीच्या आतली. तिचा गाभा ५० मायक्रॉनचा, सिंगल मोडचा साधारण ९. पण बाहेरून दोन्ही १२५ मायक्रॉनच, म्हणून उघडा फायबर बघून फरक कळत नाही. छापलेलं वाचूनच कळतो.

फायबरचे रंग पाठच कर: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. फायबर ज्या ट्यूबांत असतात त्यांनाही सहसा हाच क्रम. पण २४ ची केबल कधी सहा-सहाच्या चार ट्यूबांची असते, कधी बारा-बाराच्या दोन. दहावा फायबर पहिलीत नारिंगी ट्यूबमधला तपकिरी, दुसरीत निळ्या ट्यूबमधला जांभळा. इथे चुकलास तर एका गावाची लाइन दुसऱ्याच गावाला जाईल.

आता खरं महत्त्वाचं: दर मीटरला छापलेला आकडा. आपल्याकडे रस्ता रुंद करताना, पाण्याची पाइपलाइन टाकताना जेसीबीचा दात केबलीला लागतोच. समज, जॉइंटमधून निघताना केबलवर २३१० आहे आणि तिथून ओटीडीआर यंत्र ८०० मीटरवर तूट दाखवतं. मग ३११० च्या खुणेवर खणायचं? नाही. ट्यूबा केबलीत पिळून घातलेल्या असतात, त्यामुळे आतला फायबर जॅकेटपेक्षा थोडा लांब असतो आणि तूट ३११० च्या थोडी अलीकडेच सापडते. वाटेत चेंबरमध्ये केबलीचे लूप असतील तर जमिनीवरचं अंतर आणखी कमी. आणि ड्रमचं कोणतं टोक जॉइंटला आलंय त्यावर आकडे पुढे चढतात की उतरतात ते ठरतं. उतरत असतील तर बेरीज नव्हे, वजाबाकी.

हा हिशोब जमतो तो एवढ्यासाठीच की जॉइंट बंद करताना कुणीतरी २३१० लिहून ठेवलेला असतो. तो नसेल तर उन्हात अर्धा रस्ता उकरावा लागतो, आणि तोवर पंचायतीत उतारे मिळत नाहीत, बँकेत लोक ताटकळतात. माझ्या मते जॉइंटरची पारख स्प्लाइसच्या लॉसवर होत नाही, त्याच्या वहीवर होते.

आणखी एक. चालू फायबरच्या टोकात कधी डोकावू नकोस. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. काचेचे तुकडे डबीत टाक, जमिनीवर नको.

उद्यापासून प्रत्येक जॉइंटला आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या केबलीचा आकडा, लूप किती मीटर आणि तारीख वहीत लिही. पहिलं पान भरलं की मला फोटो पाठव.

तुझा,
मामा