घरी शुश्रूषेसाठी माणूस नेमताना

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हापासून या भागाने वैद्यकीय सेवेत लौकिक मिळविला आहे. परंतु रुग्णालयातील उपचार संपले, तरी घरची शुश्रूषा चालूच राहते. सातारा-सांगलीकडील अनेक घरांत मुले पुण्या-मुंबईस व वृद्ध आईवडील गावी असतात. बरा होऊन गेलेला वृद्ध पाठीवर जखमा होऊन परत येतो, तेव्हा आम्हांस खेद होतो. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी लागते. नेमलेल्या माणसास हे पुष्कळदा कोणी सांगितलेलेच नसते.

यास्तव प्रथम गरज ओळखावी. आंघोळ, जेवण, चालविणे यांसाठी प्रशिक्षित काळजीवाहक पुरेसा असतो. इंजेक्शन, लघवीची नळी व जखमेचे ड्रेसिंग यांसाठी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली परिचारिकाच हवी. नोंदणीपत्र स्वतः पाहावे. पोलीस पडताळणी करून घ्यावी व पूर्वीच्या घरी चौकशी करावी. वेतन, कामाचे तास व सुट्टीच्या दिवशीची बदली व्यक्ती हे लेखी ठरवावे. बँकेचे व्यवहार सोपवू नयेत. मधूनमधून न कळविता भेट द्यावी आणि वृद्धांशी एकांतात बोलावे. छळाची शंका आल्यास ज्येष्ठांसाठी १४५६७ ही निःशुल्क हेल्पलाइन आहे.

घरी सोडण्यापूर्वी नेमलेल्या व्यक्तीस वॉर्डात अवश्य आणावे. कूस कशी बदलावी, हे आमच्या परिचारिका प्रत्यक्ष दाखवितील.