शाळेचा पट घटतो, मग जग वाढतंय कसं?

प्रश्न : जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या पुढे गेली असं वाचतो. आमच्याकडे मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेला मुलं मिळेनात, दोन-दोन वर्ग एकाच गुरुजींकडे. मग वाढतंय कोण? आणि पाणी, जंगल, जमीन वाचवायची तर माणसं कमी होणं हाच खरा उपाय आहे का?
— एक वाचक, दर्यापूर (जि. अमरावती)

उत्तर : शाळेचा पट घटतोय हे खरं आणि ८०० कोटी हेही खरं. जगानं हा टप्पा नोव्हेंबर २०२२ मध्ये ओलांडला, असं संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं. पुढच्याच वर्षी भारतानं चीनला मागे टाकलं. आता इकडचं पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं निघाली. आई-बापाची जागा भरून काढायलाच साधारण २.१ लागतात. अमरावती जिल्हा १९९१ ते २००१ या दहा वर्षांत साडेअठरा टक्क्यांनी वाढला होता. पुढच्या दहा वर्षांत ती वाढ अकरा टक्क्यांच्या आत आली. अकोल्याचीही तीच तऱ्हा. कोकणात तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग २०११ च्या जनगणनेत चक्क घटले. पट घटण्याचं सगळं खापर मात्र जन्मदरावर फोडू नका. सकाळी गावात येणाऱ्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीचाही त्यात वाटा आहे, आणि पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या तरण्या जोडप्यांचाही.

मुलं कमी होऊनही माणसं वाढतात कशी, हे एका घराच्या हिशेबानं कळतं. १९७० च्या सुमाराचं घर घ्या : नवरा-बायको आणि जगलेली चार लेकरं, म्हणजे सहा माणसं. पुढे त्या चौघांची लग्नं झाली आणि प्रत्येक जोडप्यानं दोनावर थांबायचं ठरवलं. लेक दुसऱ्या घरी जाते, सून दुसऱ्या घरून येते, म्हणून प्रत्येक नातवंड दोन्हीकडच्या आजा-आजीत अर्धं-अर्धं वाटून घेऊ. आठ नातवंडांतली चार या घराच्या वाट्याला आली. आजा-आजी अजून धडधाकट आहेत. झाली दहा माणसं. पुढे आजा-आजी गेले, पण तोवर नातवंडांची लग्नं होऊन, त्याच हिशेबानं, चार पतवंडं आली. झाली बारा. त्यापुढे प्रत्येक पिढीत चार येतात, चार जातात आणि आकडा बारावरच राहतो. कोणीही दोनापेक्षा जास्त मुलं होऊ दिली नाहीत, तरी सहाचे बारा झाले. कारण मागच्या पिढीत लेकरं जास्त जगली आणि म्हातारी माणसं लवकर गेली नाहीत. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात सरासरी आयुष्य जेमतेम ३२ वर्षांचं होतं, आज ते सत्तरीला टेकलंय. या वाढीला वाईट म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

ही वाढही कायमची नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकात १,०३० कोटींच्या आसपास पोचेल आणि मग उतरू लागेल. आपल्या जिल्ह्यांचं नेमकं चित्र मात्र २०२७ च्या जनगणनेनंतरच कळेल, कारण २०२१ ची झालीच नाही.

आता माणसं कमी होण्याबद्दल. वऱ्हाडात ती एकदा झाली आहेत. १८९१ मध्ये वऱ्हाड प्रांतात २८,९७,४९१ लोक होते, १९०१ मध्ये २७,५४,०१६ उरले. मधल्या दहा वर्षांत दोन मोठे दुष्काळ पडले, त्यांच्या मागोमाग रोगराई आली. ही घट वऱ्हाडाच्या भल्याची होती असं कोणी म्हणणार नाही.

अर्थात माणसं वाढली की ताण वाढतो, हे मी नाकारत नाही. अकोला शहराची तहान महानच्या काटेपूर्णा धरणावर भागते. धरण भरलं नाही की आधी कालव्याचं पाणी तुटतं आणि शेतकरी कोरडा राहतो. पण पाणी नेमकं कुठं जातं हे पाहायचं तर वरूड-मोर्शीला जा. भूजलाच्या सरकारी वर्गवारीत हे दोन्ही तालुके अतिशोषित आहेत, लोकांच्या तोंडी ‘ड्राय झोन’. तिथलं पाणी माणसांनी पिऊन संपलेलं नाही, ते संत्र्यानं घेतलं. आंबिया बहार धरायचा तर हिवाळ्यात बागेचं पाणी तोडून ताण द्यायचा, मग पाणी सोडलं की जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं. ती फळं ऐन मे महिन्यात झाडावर असतात. उभं झाड वाळू द्यायचं नाही म्हणून माणूस बोअर खोल करतो, शेजारी त्याहून खोल करतो. यात शेतकऱ्याला दोष देऊन भागत नाही, कापसानं जे दिलं नाही ते संत्र्यानं दिलं. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा ज्या तीन तालुक्यांत झाली त्यांत वरूड होतं, आणि गावंच्या गावं टोपली-फावडं घेऊन उतरली. पाणी मुरवलं, ठीकच झालं. पण जेवढं मुरतं त्याहून जास्त उपसायचं नाही हा करार गावात होत नाही, तोवर चर खणून कितीसं हाती लागणार?

आणखी एक आकडा घ्या. नांदगावपेठच्या औष्णिक वीजप्रकल्पाला अप्पर वर्धा धरणातून वर्षाला सुमारे ८७ दशलक्ष घनमीटर पाणी मंजूर झालं होतं. त्यावरून शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं, अनेकांना आठवत असेल. प्रत्यक्ष वापर किती हा भाग वेगळा. पण माणशी रोज १०० लिटर धरले, तर मंजूर पाणी २४ लाख माणसांना वर्षभर पुरतं, आणि २०११ मध्ये अख्ख्या अमरावती जिल्ह्याची वस्ती २९ लाखांच्या आत होती. हवेचंही तसंच. सरासरी अमेरिकन माणूस वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्याच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास सरासरी भारतीय सोडतो. त्या सरासरीतही पंख्याखाली झोपणारा आणि चार एसी लावणारा एकत्र मोजलेले असतात. म्हणून डोकी मोजण्याआधी कोण किती वापरतो हे मोजावं, असं माझं मत.

सक्तीचा मार्गही आपण पाहिला आहे. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्र विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. २००१ पासून तिसऱ्या अपत्यावर ग्रामपंचायतीची पदं जातात. त्यानं किती जन्म टळले ते सांगता येत नाही, विरोधकांना तक्रारीचा हुकमी मुद्दा मात्र मिळाला.

जन्म खरोखर कमी होतात ते लेकरू जगेल याची आईला खात्री पटल्यावर आणि मुलगी शाळेत टिकल्यावर. १९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. आपली किती लेकरं हाती लागतील हे जिला माहीत नाही, ती कोरकू बाई दोनावर थांबणार कशी? बैरागडसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं दवाखाना चालवणाऱ्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली ती आरोग्यसेवेसाठी. माझ्या हिशेबी ते लोकसंख्येचंही काम होतं.

जंगलाजवळ माणूस नको, हाही एक समज. अचलपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी पायविहीर नावाचं लहानसं गाव आहे. २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली तिथल्या ग्रामसभेला सुमारे १९३ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल कसलं, बोडकं झालेलं रान होतं. लोकांनी राखण केली, झाडं लावली, माती-पाणी अडवलं. सीताफळं वाढली, ती गावानं एकत्र विकली, पार मुंबईच्या बाजारापर्यंत नेली. २०१४ मध्ये या गावाला भारतीय जैवविविधता पुरस्कार मिळाला.

दर्यापूरला जंगल नाही, तुम्हाला खारपाण आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीला पाणी लागतं, पण ते ना पिण्याचं, ना ओलिताचं. दिलं तर काळी जमीन कडक होते. हे पाणी माणसांची गर्दी झाली म्हणून खारं झालेलं नाही, ते नदीच्या गाळातच आहे. गावातली निम्मी माणसं उद्या पुण्याला गेली तरी विहीर गोडी होणार नाही.

गोडं पाणी तुमच्याकडे येतं ते वरून. पाचशे चौरस फुटांचं टिनाचं छप्पर आणि सातशे मिलिमीटर पाऊस धरा. बत्तीस हजार लिटर पाणी पडतं. सांडलवंड वजा जाता पंचवीस हजार हाती येईल. पाच माणसांच्या घराला पिण्या-रांधण्याला रोज पन्नास लिटर लागले, तर वर्षाचे सव्वाअठरा हजार होतात. म्हणजे पुरून उरतं. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी छप्पर धुऊन जाऊ द्यायचं, जाळी लावायची, टाकं झाकून ठेवायचं. अडचण टाक्याच्या खर्चाची आहे, ती खरी आहे. प्रत्येक घराला एवढं टाकं परवडणार नाही. ज्या शाळेत मुलं मिळेनात, तिचं छप्पर मात्र गावात सर्वांत मोठं असतं आणि आवारात टाक्याला जागाही असते. ग्रामसभेत विषय मांडायचा तर पावसाळ्याआधी मांडा, मे महिन्यात खोदकाम उरकतं.