पिळायचं असेल तर डब्ल्यू लागतो

बाय,

परवा फोनवर तू सांगितलंस, इंग्रजीचे १०० शब्द पाठ केले होते आणि चाचणीत निम्मे आठवलेच नाहीत. त्यात तुझ्या डोक्याचा दोष नाही. यादीतून एकेक शब्द उचलून घोकला तर तो टिकत नाही. मी ३२ वर्षं इंग्रजी शिकवलं. सुरुवातीची काही वर्षं मीही मुलांकडून असंच घोकून घेतलं, त्याची मला अजून खंत वाटते. पुढे एक रीत हाती लागली. तुझ्या आईला दिली, आता तुला देते. शब्द एकटा पाठ करायचा नाही, त्याची भावंडं शोधायची. इंग्रजीत ही भावंडं ओळखायची खूण पुष्कळदा सुरुवातीच्या दोन अक्षरांत असते.

डब्ल्यू-आर घे. लिहायचा पण बोलायचा नाही, म्हणून मुलांना या डब्ल्यूचा भारी जाच वाटतो. पूर्वी इंग्रज तो बोलत असत. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि त्यानंतर हळूहळू स्पेलिंगं छापात पक्की होत गेली. उच्चार मात्र पुढेही बदलत राहिले. डब्ल्यू तोंडातून गेला, कागदावर राहिला. राहिला ते बरंच झालं, कारण अर्थ तोच सांगतो.

ओला टॉवेल हातात घे आणि पीळ. ही क्रिया म्हणजे रिंग, डब्ल्यूची रिंग. बोटातल्या रिंगला डब्ल्यू नाही. पिळायचं असेल तर डब्ल्यू लागतो, एवढं मनाशी धर. आता पिळताना वळतं काय ते बघ. मनगट, म्हणजे रिस्ट. टॉवेलावर पडतात त्या सुरकुत्या, रिंकल. नट आवळायचा पाना रेंच, फुलापानांचं वळून केलेलं चक्र रीथ, गांडुळाची वळवळ रिगल. वेदनेने अंग पिळवटणं म्हणजे राइद. कुस्तीतला मल्ल दुसऱ्याला पिळून पाडतो, ते रेसलिंग. सगळ्यांच्या स्पेलिंगची सुरुवात डब्ल्यू-आरने, सगळ्यांच्या पोटात पीळ. मला त्यातला राँग फार आवडतो. हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि त्याचा मूळ अर्थ वाकडा. आपणही म्हणतोच की, अमक्याचं पाऊल वाकडं पडलं.

आपल्या दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर झाले. रँग्लर परांजपे हे नाव तू ऐकलंयस, पण रँग्लर म्हणजे काय ते विचारलं नव्हतंस. रँगल म्हणजे वाद घालणं. केंब्रिजच्या परीक्षा एके काळी तोंडी वादविवादाने होत, म्हणून पहिल्या वर्गात आलेल्यांना वाद घालणारे म्हणत. हाही शब्द त्याच पिळाच्या घरातला, तेव्हा डब्ल्यू विसरायचा नाही.

पण एक सांभाळ. लिहिणं या अर्थाचा राइट या घरातला नाही. तो मुळात ओरखडण्याचा, कोरण्याचा शब्द. रेन हा चिमुकला पक्षीही वेगळा. असे शब्द ओढूनताणून आत घेऊ नकोस. वहीच्या पानाच्या तळाशी रेघ मारून तिच्याखाली लिही. किती मुलांनी जुळवाजुळव करायच्या नादात खोटे अर्थ पाठ केले ते मी पाहिलंय.

दुसरं घर टी-डब्ल्यूचं. टू म्हणजे दोन, त्यात डब्ल्यू कशाला, असं तू पहिलीत असताना विचारलं होतंस. तेव्हा मी नीट उत्तर दिलं नाही, आज देते. ट्विन म्हणजे जुळं, ट्वाइस म्हणजे दोनदा, ट्वाइन म्हणजे दुपेडी सुतळी, बिट्वीन म्हणजे दोघांच्या मधे, ट्वेंटी म्हणजे दोन दहा. ट्वेल्व्हचा मूळ अर्थ, दहा मोजून दोन उरले. या सगळ्यांत डब्ल्यू बोलतो, एकट्या टूमध्ये गप्प बसतो. आपल्याकडेही हेच झालंय. संस्कृतातला द्वि आणि हा टू एकाच मुळाचे. आपल्या दोनमध्ये द राहिला. पाढ्यातल्या बे एके बेमध्ये मात्र द गळाला आणि व चा ब झाला. बारा, बावीस, बत्तीस, बावन्न, सगळीकडे तोच ब. पाढे म्हणताना ही गंमत तुझ्या जिभेवर आधीपासून आहे.

एस-एन बहुतेक नाकाशी राहतो: स्नीझ शिंकणं, स्नोअर घोरणं, स्निफ हुंगणं, स्नाउट डुकराचं नाकाड. स्नेक आणि स्नो रेघेखाली. जी-एल चकाकतो: ग्लो, ग्लिटर, ग्लीम, ग्लेअर. आपला झ असाच आहे, झगमग, झळाळी, झिलई. ग्लॅड म्हणजे आनंदी, तोही जुन्या इंग्रजीत लखलखीत या अर्थाचा होता. अक्षरांच्या अशा जोड्यांवर भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० च्या सुमाराला लिहिलं. त्याआधी ते लाहोरला, पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते.

आता वहीचं. लांब वही घे, ए-बी-सी-डीच्या क्रमाने लिहू नकोस. एका घराला एक पान. अर्थ म्हणून नुसता प्रतिशब्द लिहून थांबू नकोस, हाताने काय करायचं ते लिही. रेंचसमोर 'पाना' लिहिलंस तर विसरशील, 'पाना घेऊन नट पिळला' लिहिलंस तर राहील. आठवड्याला एकच पान पुरे. शब्द म्हणताना मुकं अक्षर मुद्दाम मोठ्याने म्हण, व्-रिस्ट, व्-रिंग, अगदी जुन्या इंग्रजांसारखं. लोकांसमोर नको, घरात म्हण. स्पेलिंग कानातूनही आत जातं.

दिवाळीला येशील तेव्हा के-एनचं पान भरून आण. नी, नकल, नॉब, नॉट, नोल हे पाच शब्द मी देते, पुढचे तू शोध. आधी डिक्शनरी उघडू नकोस. गुडघा, बोटांची पेरं, दाराची गोल मूठ, दोरीची गाठ, एकेकावरून हात फिरव. नोल म्हणजे टेकाड, त्यासाठी देवळामागच्या टेकाडावर जाऊन ये. हाताला सगळीकडे सारखं काय लागलं, ते पानाच्या माथ्यावर लिही.

— आजी