जुन्या संगणकांना हलकी प्रणाली : गरजेपुरते जोडावे, काम सरता सोडावे

शाळा, ग्रामपंचायत व वाचनालय यांच्या कामकाजात संगणकाचा शिरकाव होऊन आता बराच काळ लोटला आहे. पेडणे-डिचोलीसारख्या तालुक्यांतील लहान गावांतही संगणक ही नवलाईची वस्तू राहिलेली नाही. मात्र ज्या उत्साहाने तो संस्थेत आणला जातो, त्या मानाने त्याच्या उतारवयाचा विचार फारसा होत नाही. यंत्र मंद झाले, सुरू व्हायला पाच-सात मिनिटे घेऊ लागले, की त्यावर कापड टाकून ते कोपऱ्यात सरकविले जाते. पुढे ते भंगारात निघते आणि नव्या खरेदीची मागणी वर पाठविली जाते.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. 'विंडोज १०' या कार्यप्रणालीला निर्मात्याकडून मिळणारे सर्वसाधारण मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तिच्या जागी आलेल्या 'विंडोज ११' साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवणक्षमता आणि 'टीपीएम २.०' ही सुरक्षाविषयक सोय आवश्यक ठरविण्यात आली आहे. चालू स्थितीतील अनेक यंत्रे या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रांचे काय करावे, या प्रश्नाचे एक उपयुक्त उत्तर म्हणजे सुटसुटीत लिनक्स प्रणाली होय.

घाटाचे इंजिन आणि संगणक

या प्रणालीचे तत्त्व गोमंतकीय वाचकाला रेल्वेच्या उदाहरणाने चटकन उमगेल. वास्कोहून निघून लोंढ्याकडे जाणारी गाडी कुळे स्थानकापर्यंत आपल्या नेहमीच्या इंजिनावर धावते. कुळ्याच्या पुढे ब्रागांझा घाट लागतो. तेथील चढ ३७ फुटांत एक फूट इतका तीव्र आहे. म्हणून कुळे येथे जादा इंजिने जोडतात आणि घाटमाथ्यावर कॅसलरॉक येथे ती सोडवून घेतात. घाट चढण्यासाठी लागणारी ही इंजिने वास्कोपासूनच ओढत नेण्याचा विचार कोणी करीत नाही.

नेहमीच्या संगणकात मात्र काहीसा तसाच प्रकार घडत असतो. वर्षभरात एकदाही न उघडलेल्या आज्ञावली, न वापरलेल्या छपाईयंत्रांच्या सोयी, पार्श्वभूमीवर गुपचूप चालणारी अनेक कामे, हा सारा भार यंत्र सुरू होताच रॅमवर व प्रक्रियकावर पडतो. यंत्र थकलेले दिसते ते बहुधा या भारामुळे. पत्र लिहिणे, हिशेब मांडणे, मुलांना चित्रे काढू देणे या कामांपुरती त्याची शक्ती पुष्कळदा शाबूत असते.

लिनक्सची पार्श्वभूमी

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. त्याआधी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला होता. या दोन प्रयत्नांच्या संयोगातून जी कार्यप्रणाली उभी राहिली, ती कोणालाही वापरता, तपासता, बदलता व दुसऱ्याला देता येते. तिच्या प्रती काढण्यासाठी दर यंत्रामागे परवाना-शुल्क भरावे लागत नाही.

हा गाभा आणि निवडक आज्ञावली एकत्र करून निरनिराळ्या गटांनी आपापले संच तयार केले आहेत. काही संच भरगच्च, तर काही अगदी आटोपशीर आहेत. ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेला 'पपी लिनक्स', चेक प्रजासत्ताकात जन्मलेला 'स्लॅक्स' आणि 'टायनी कोअर' ही आटोपशीर संचांची प्रसिद्ध उदाहरणे आहेत.

जोडसंच म्हणजे काय?

सर्वसाधारण पद्धतीत एखादी आज्ञावली बसविली, की तिच्या शेकडो फाईली हार्ड डिस्कवर ठिकठिकाणी विखुरतात. ती काढून टाकली तरी काही अवशेष मागे राहतात. बसविणे-काढणे चार-सहा वर्षे चालले, की प्रणालीत अडगळ साचते.

आटोपशीर लिनक्समध्ये निराळी रीत आहे. येथे एका आज्ञावलीच्या सर्व फाईली दाबून, घट्ट बांधून एकाच गाठोड्यात ठेवलेल्या असतात. या गाठोड्यास येथे 'जोडसंच' म्हटले आहे. ते बांधण्यासाठी बहुधा 'स्क्वॉशएफएस' ही पद्धत वापरली जाते. २००९ पासून ती लिनक्सच्या मूळ गाभ्यातच अंतर्भूत आहे. या पद्धतीची दोन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवावीत. पहिले, गाठोडे फक्त वाचता येते, त्यात काही लिहिता येत नाही. दुसरे, ते वापरण्यासाठी पूर्ण सोडावे लागत नाही. कोठाराच्या दाराशी उभे राहून हवा तेवढाच जिन्नस मागून घ्यावा, त्याप्रमाणे लागेल तो भाग तेवढा उलगडून वाचला जातो.

जोडसंच जोडला की त्यातील फाईली मूळ प्रणालीचाच भाग असल्यासारख्या दिसू लागतात. त्यासाठी पपी व स्लॅक्समध्ये एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तशी थरांची रचना असते. टायनी कोअरमध्ये मूळ जागी केवळ दुवे ठेवले जातात. दोन्ही रीतींत मूळ प्रणाली जशीच्या तशी राहते. पुढच्या वेळी तो संच जोडला नाही, तर प्रणाली आधीसारखीच सुरू होते.

टायनी कोअरची मांडणी

या पद्धतीचा अभ्यास करण्यास टायनी कोअर हे उत्तम उदाहरण आहे. त्याचा केवळ आज्ञा टंकून चालणारा पाया सुमारे १७ एमबी, तर पडद्यावर खिडक्या व चिन्हे दाखविणारी आवृत्ती सुमारे २३ एमबी आहे. मोबाईलवर येणाऱ्या एखाद्या लहानशा चित्रफितीएवढा हा आकार आहे. ही आवृत्ती चालण्यासाठी किमान ४६ एमबी रॅम लागते. प्रत्यक्ष कामासाठी १२८ एमबी वा अधिक असावी, अशी शिफारस आहे.

यंत्र सुरू होताच हा पाया रॅममध्ये उतरतो आणि तेथूनच चालतो. हार्ड डिस्कपेक्षा रॅम कित्येक पटींनी वेगवान असल्याने प्रणाली झटपट हजर होते. त्यानंतर एका यादीत नोंदलेले जोडसंच क्रमाने जोडले जातात. एका जोडसंचाला दुसऱ्याची गरज असेल, तर तशी नोंद त्याच्यासोबतच्या छोट्या फाईलीत असते. त्यामुळे लागणारे सोबती संच शोधत बसावे लागत नाहीत. काही संच यंत्र सुरू होताना आपोआप जोडावेत व काही मागणीनुसार जोडावेत, असेही ठरविता येते.

खेड्यातील शाळेच्या दृष्टीने याचे दोन लाभ आहेत. विद्यार्थ्याने चुकून एखादी मांडणी बिघडविली आणि ती जतन केलेली नसेल, तर यंत्र पुन्हा सुरू करताच सर्व पूर्ववत होते. पावसाळ्यात वीज अचानक गेली, तरी मूळ पाया व जोडसंच केवळ वाचनापुरते असल्यामुळे ते सहसा बिघडत नाहीत.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. रॅममधील मजकूर वीज जाताच नाहीसा होतो. टायनी कोअरमध्ये वापरकर्त्याच्या फाईली नेहमीच्या मांडणीत यंत्र बंद करतेवेळी जतन होतात. मध्येच वीज गेली, तर त्या दिवसाचे काम हरवू शकते. म्हणून कामाच्या फाईलींचा कप्पा पहिल्याच दिवशी हार्ड डिस्कवर वा पेनड्राईव्हवर कायमचा ठरवून द्यावा. निकालपत्रके किंवा हजेरीपट करणाऱ्या शिक्षकांनी ही मांडणी झाल्यावाचून कामास आरंभ करू नये.

प्रयोग कसा करावा?

हा प्रयोग करताना यंत्रातील आधीची प्रणाली पुसण्याची गरज नसते. पुढील क्रम पाळावा.

१. यंत्रातील सर्व महत्त्वाच्या फाईलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.

२. यंत्राची रॅम किती आहे व प्रक्रियक ३२ बिटांचा आहे की ६४ बिटांचा, हे पाहून कागदावर टिपून घ्यावे. संचाची आवृत्ती त्यानुसार निवडावी.

३. निवडलेला संच त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा. सोबत दिलेल्या पडताळणी-क्रमांकाशी तो जुळतो का, ते पाहावे व मगच तो पेनड्राईव्हवर चढवावा. या क्रियेत पेनड्राईव्हवरील आधीचा मजकूर पुसला जातो.

४. यंत्र सुरू करताना आरंभ-सूचीतून पेनड्राईव्ह निवडावा. काही यंत्रांत त्यासाठी एफ १२, काहींत एफ २ किंवा डिलीट ही कळ दाबावी लागते. फार जुने यंत्र पेनड्राईव्हवरून सुरू होत नसेल, तर सीडीचा वापर करावा.

५. पडदा, कळफलक, माऊस, आवाज, जाळे व छपाईयंत्र ही एकेक करून तपासावीत.

६. आठवडाभर समाधानकारक काम झाल्यावरच प्रणाली हार्ड डिस्कवर कायम करण्याचा विचार करावा.

जोडसंच निवडताना संस्थेतील कामांची यादी आधी करावी. प्राथमिक वर्गासाठी टक्स पेंटसारखी चित्रकलेची आज्ञावली व साधा मजकूर-लेखक पुरतो. कार्यालयासाठी पत्रलेखन, तक्ते व छपाई यांची सोय लागते. एकाच पेनड्राईव्हच्या प्रती काढून दहा यंत्रे चालविता येतात. वर्गाची आणि कार्यालयाची यादी तेवढी वेगळी ठेवावी.

मराठीची सोय

टायनी कोअरच्या मूळ पायात देवनागरी टंक नसतो. तो जोडावा लागतो. 'लोहित देवनागरी' हा मुक्त टंक त्यासाठी उपलब्ध आहे. तथापि, नुसता टंक पुरत नाही. अक्षरे जुळवून जोडाक्षर घडविण्याची क्षमता आज्ञावलीतही असावी लागते. परीक्षा म्हणून 'विद्यार्थ्यांची', 'प्रज्ञा', 'सुऱ्या' हे शब्द टंकून पाहावेत. रफार, काना व ऱ्य योग्य जागी उमटले, तर सोय ठीक झाली असे समजावे. टंकलेखनासाठी भारतीय मानक असलेला इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्सवर चालतो.

श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत, युनिकोडपूर्व टंकांत केलेले दस्तऐवज येथे वाचता येणार नाहीत. ते आधी युनिकोडमध्ये परिवर्तित करून घ्यावेत. ग्रामपंचायतीच्या जुन्या ठरावांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. शिकण्यासाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने तयार केलेले लिनक्सविषयक पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत.

मर्यादाही ओळखाव्यात

हलकी प्रणाली जुन्या यंत्राला नवे करीत नाही. आजची संकेतस्थळे स्वतःच जड झाली आहेत. प्रणाली ४६ एमबीत सुरू झाली, तरी आधुनिक न्याहाळकात एक पान उघडताच शेकडो एमबी रॅम खर्ची पडते. ज्या यंत्रावर जाळ्यावरील काम करावयाचे, त्यात निदान २ जीबी रॅम असणे इष्ट. ३२ बिटांच्या यंत्रांचे पाठबळही कमी होत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या प्रमुख लिनक्स संचाने अशा यंत्रांसाठी स्वतंत्र स्थापना-संच देणे थांबविले. टायनी कोअरची ३२ बिटांची आवृत्ती मात्र उपलब्ध आहे.

कार्यालयातील काही आज्ञावली व अंकीय स्वाक्षरीची उपकरणे केवळ विंडोजवर चालतात. असे काम ज्या यंत्रावर होते, ते यंत्र या प्रयोगात घेऊ नये. जोडसंचांच्या नव्या आवृत्त्याही वेळोवेळी घ्याव्या लागतात. एकदा जोडून दिले व विसरून गेले, असे चालत नाही.

पूर्वानुभव

गोव्याला ही वाट अगदीच अपरिचित नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट' या उपक्रमातून देशातील व परदेशातील गोमंतकीयांनी वापरलेले संगणक येथील शाळांसाठी मिळविले आणि त्यांवर लिनक्सचा उपयोग केला. केरळ राज्याने आपल्या 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पातून शासकीय शाळांत लिनक्स रुजविले. केरळच्या यशामागे शिक्षकांचे प्रशिक्षण हे मोठे कारण होते. प्रणाली फुकट मिळते, ती सांभाळणारा माणूस मात्र घडवावा लागतो. तालुक्यातील दोन-तीन शाळांनी मिळून एक जाणता शिक्षक तयार केला, तर पुष्कळ काम होण्यासारखे आहे.

जे यंत्र खरोखरच निकामी झाले असेल, ते उघड्यावर टाकू नये. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले असून असा कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जाणे अपेक्षित आहे. देण्यापूर्वी हार्ड डिस्कवरील नागरिकांची व विद्यार्थ्यांची माहिती पूर्णपणे नष्ट करावी.

मात्र भंगाराचा निर्णय घेण्यापूर्वी एक पेनड्राईव्ह लावून पाहण्यास फारसा खर्च येत नाही. मुख्याध्यापकांनी, पंचायत सचिवांनी व वाचनालयांच्या चालकांनी आपल्याकडील बंद यंत्रांची रॅम व प्रक्रियक यांची एक साधी यादी करावी. दहा यंत्रांपैकी चार जरी पुन्हा उभी राहिली, तरी एका यंत्राभोवती दाटी करणाऱ्या मुलांपैकी कित्येकांचा हात प्रथमच कळफलकाला लागेल.