कारखाना बंद पडल्यावर कामकऱ्याचें देणें

ज्या गांवांत साखर कारखान्याचा भोंगा ऐकूं येतो तेथील माणसें घड्याळ क्वचितच पाहतात. भोंगा थांबला म्हणजे आधीं वाणी उधारी बंद करितो, मग मुलांची फी राहते, आणि दोन-तीन वर्षें हेलपाटे घातल्यावर कामगार असें बोलूं लागतो कीं, "साहेबांनीं कांहीं दिलें तर त्यांचे उपकार." वाचकहो, आजच्या पाठाचा विषय हेंच वाक्य आहे. मागें राहिलेला पगार, नुकसानभरपाई व उपदान हीं सर्व कामगाराचीं येणीं आहेत. त्यांत देणगीचा अंशही नाहीं. आपल्या मंडळ्यांतील शिक्षकांनीं व उपदेशकांनीं हें नीट समजून घ्यावें, कारण अर्ज लिहून घ्यावयास लोक बहुधा त्यांच्याच दारीं येतात.

अहमदनगर, ज्यास २०२४ पासून अहिल्यानगर असें नांव आहे, हा जिल्हा उसाचा. हरेगांवची बेलापूर कंपनी व टिळकनगरची महाराष्ट्र शुगर मिल्स हे खाजगी कारखाने स्वातंत्र्यापूर्वींचे. प्रवरेकांठीं लोणीच्या सहकारी कारखान्याचें गाळप १९५०-५१ च्या हंगामांत सुरू झालें. पुढें १९६१ च्या जमीनधारणेच्या कायद्यानें खाजगी कारखान्यांचे मळे सरकारकडे गेले, व ते चालविण्यासाठीं १९६३ सालीं राज्य शेती महामंडळ निघालें. हरेगांवचें गाळप थांबून आतां पुष्कळ वर्षें झालीं. महामंडळाच्या मळ्यांवर जन्म काढलेल्या मजुरांच्या देण्यांचा व राहत्या जागेचा प्रश्नही दीर्घकाळ रेंगाळला. राहुरीस डॉ. बाबूराव बापूजी तनपुरे सहकारी साखर कारखान्याच्या कामगारांनीं थकलेल्या रकमांसाठीं २०२१ सालीं उपोषण आरंभिलें. मालक कंपनी असो, सभासदांची संस्था असो, कीं सरकारी महामंडळ असो, देणें थकलें म्हणजे कामगार एकाच ओट्यावर येऊन बसतो.

प्रथम हें पाहावें कीं, देणें म्हणजे नेमकें काय. "माझे पैसे राहिले आहेत" एवढें सांगून कोणतेंही कार्यालय हालत नाहीं. काम करून न मिळालेला पगार व शिल्लक रजेचा पगार, हें एक येणें. कामावरून कमी केल्याची किंवा कारखाना बंद झाल्याची नुकसानभरपाई, हें दुसरें. तें सेवेच्या प्रत्येक पुऱ्या वर्षास पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकें असतें. मालकाच्या हाताबाहेरील, टाळतां न येणाऱ्या कारणानें कारखाना बंद झाला तर ही भरपाई तीन महिन्यांच्या पगारापुरती मर्यादित होते. पण आर्थिक अडचण, किंवा माल पडून राहिला, हें तसलें कारण मानूं नये असें कायद्यांतच स्पष्ट लिहिलें आहे. "आम्ही तोट्यांत आहों" एवढ्यानें मालकाची सुटका होत नाहीं, आणि आमच्याकडे तर सर्वांत अधिक ऐकूं येणारें उत्तर तेंच!

तिसरें येणें उपदानाचें, ज्यास कामगार ग्रॅच्युइटी म्हणतात. हें बहुधा सर्वांत मोठें असतें व याच्या हिशेबांत फसवणूकही पुष्कळ होते, म्हणून उदाहरण घेऊं. एका कायम कामगाराचा अखेरचा पगार, मूळ वेतन व महागाईभत्ता मिळून, १३,००० रुपये होता. त्यास २६ नें भागिलें असतां रोजचे ५०० रुपये येतात. पंधरा दिवसांचे ७,५००. आणि सेवा चोवीस वर्षांची असेल तर १,८०,०००. अखेरच्या वर्षाचे सहा महिन्यांहून अधिक दिवस भरले असतील तर तें पूर्ण वर्ष धरावें. परंतु हाच मनुष्य हंगामी म्हणून नोंदलेला असेल तर त्यास दर हंगामास सातच दिवसांचा पगार मिळतो, म्हणजे चोवीस हंगामांचे ८४,००० रुपये. हजेरीपटावरील एका शब्दानें शहाण्णव हजारांचा फरक पडतो. वर्षभर काम केलेल्या मनुष्याचें नांव हंगामी यादींत कां आहे, हें कारखाना चालू असतांनाच विचारलें पाहिजे. मागाहून विचारणाऱ्यास पुरावा जुळवितां जुळवितां नाकीं नऊ येतात.

चौथें येणें भविष्यनिर्वाह निधीचें. पगारांतून कापलेली वर्गणी मालकानें निधींत भरली नाहीं तर तो केवळ थकबाकीदार ठरत नाहीं. कायदा त्यास फौजदारी विश्वासघात समजतो.

आतां मुदतीविषयीं. मोशेच्या नियमशास्त्रांत मजुराची मजुरी त्याच दिवशीं सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावी असें सांगितलें आहे, आणि त्याचें कारणही तेथेंच दिलें आहे कीं, तो गरीब असून त्याचें सारें लक्ष त्या मजुरीकडे लागलेलें असतें (अनुवाद २४:१५). आमचा देशी कायदा थोडा सैल आहे. कामावरून काढल्यास किंवा कारखाना बंद झाल्यास राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा, आणि उपदान तीस दिवसांत. न दिल्यास उपदानावर व्याज चढतें. वेतनाचा १९३६ चा, औद्योगिक कलहांचा १९४७ चा व उपदानाचा १९७२ चा हे कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहितांत सामावले गेले. तथापि जे त्यापूर्वीं कामावरून गेले त्यांचा जुन्या कायद्याखालीं उत्पन्न झालेला हक्क त्यामुळें बुडत नाहीं. मुदतीच्या नव्या कायद्यानें नेमलेल्या मनुष्यास तर आतां पांच वर्षांऐवजीं एका वर्षाच्या सेवेवरही उपदान मिळतें.

कायदा इतका स्पष्ट असतां पैसे कां मिळत नाहींत? कारण बंद पडलेल्या कारखान्यापुढें देणेकऱ्यांची रांग लागलेली असते, व तींत बँक सर्वांच्या पुढें उभी असते. साखरेचीं पोतीं तिच्याकडे तारण, यंत्रें तारण, जमीनही तारण. ऊस घातलेला शेतकरी आपल्या बिलासाठीं उभा असतो. कामगार मात्र फाटकाबाहेर असतो. आणि पुष्कळ घरांत ऊस घालणारा व कारखान्यांत काम करणारा हे सख्खे भाऊच असतात.

ही रांग न्यायालयांनीं कांहीं ठिकाणीं मोडली आहे. मराठवाड्यांतील सहकारी साखर कारखान्यांनीं साखर तारण ठेवून महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेकडून कर्ज घेतलें होतें, व कामगारांच्या भविष्यनिधीची रक्कम थकविली होती. साखरेवर पहिला हक्क कोणाचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००९ सालीं न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, तारणाच्या कर्जापेक्षांही भविष्यनिधीचें देणें आधीं फेडलें पाहिजे. कंपन्यांच्या बाबतींत २०१६ च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणें भविष्यनिधि व उपदान यांचा पैसा मोडीत काढावयाच्या मालमत्तेंत धरीत नाहींत, आणि मोडीपूर्वींच्या चोवीस महिन्यांचें कामगारांचें देणें तारणवाल्या बँकेच्या बरोबरीनें मोजलें जातें. मुंबईची जेट एअरवेज ही विमान कंपनी २०१९ सालीं थांबली. तिच्या नोकरांस भविष्यनिधि व उपदान पुरेपूर द्यावें असा आदेश अपील न्यायाधिकरणानें २०२२ सालीं दिला, व सर्वोच्च न्यायालयानें २०२३ च्या आरंभीं तो कायम केला. पुढें नव्या मालकाकडून योजना पार पडेना, तेव्हां २०२४ च्या नोव्हेंबरांत कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम झाला. आदेश हातीं येणें आणि पैसा हातीं येणें यांत किती अंतर असतें हें यावरून दिसतें. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांत जो संप सुरू झाला त्यांत सुमारें अडीच लक्ष कामगार होते. त्यांपैकीं कित्येकांनीं गिरणीच्या जमिनी विकल्या जाईपर्यंत आपल्या हिशेबाची वाट पाहिली.

दिवाळखोरी संहिता कंपनीस लागते, सहकारी संस्थेस नाहीं. म्हणून मालक कोण, हा प्रश्न आधीं सोडवावा. कंपनी दिवाळखोरींत गेली म्हणजे दावे मागविणारी जाहिरात मराठी वर्तमानपत्रांतही यावी लागते. ती वाचून मुदतींत दावा दाखल करावा. एका प्रतिनिधीमार्फत सर्वांचा मिळून दावा करितां येतो. सहकारी कारखाना मोडीत निघाला असेल तर दावा अवसायकाकडे करावयाचा. इतर वेळीं नगर येथील सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयांत अर्ज द्यावा, पोंच घ्यावी व पोंचेची नक्कल घरीं जपावी. ठरलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज येणें झाल्यापासून एका वर्षांत करावयाचा असतो. सबळ कारण दाखविल्यास उशीर माफ होतो, पण त्यावर विसंबूं नये. वसुलीचा दाखला मिळाला म्हणजे जिल्हाधिकारी जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें पैसा वसूल करितात. बहुतेक प्रकरणें येथेंच थबकतात, म्हणून दाखला तहसील कचेरींत पोंचला कीं नाहीं याची विचारणा तोंडीं न करितां लेखी करावी. ठेकेदाराकडील मनुष्यानें असें समजूं नये कीं आपल्यास दारच नाहीं. ठेकेदारानें वेतन बुडविलें तर तें मुख्य मालकानें द्यावयाचें असतें.

कागदांविषयीं एक सूचना. कारखान्याचें दप्तर बहुधा कुलपांत अडकतें किंवा गहाळ होतें. तेव्हां नेमणुकीचें पत्र, पगाराच्या पावत्या, ओळखपत्र व बँकेचें पुस्तक यांचा उपयोग होतो. भविष्यनिधीच्या खात्याचा उतारा तर फारच मोलाचा, कारण कोणत्या महिन्यांत वर्गणी पडली हें तो दाखवितो, व त्यावरून सेवेचीं वर्षें सिद्ध करितां येतात. कांहीं रक्कम पुढें करून "पूर्ण व अंतिम" असें लिहिलेल्या कागदावर आंगठा मागितला, तर तो कागद आधीं दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा. कायद्यानें ठरलेल्या उपदानापेक्षां कमी घेण्याचा करार टिकत नाहीं, तरी असल्या आंगठ्यामुळें पुढील भांडण लांबतें.

शेवटीं विधवांविषयीं. कामगार वाट पाहतां पाहतां वारला म्हणजे दावा संपला असें पुष्कळ घरांत समजतात व कागद चुलींत घालतात. दावा वारसांकडे जातो. नोकरींत असतां मृत्यु आला असेल तर उपदानास पांच वर्षांची अटही लागत नाहीं. नामनिर्देशन केलेलें असेल तर त्याची नक्कल, नसेल तर वारसाचा दाखला, आणि मृत्यूचा दाखला हीं जोडून त्याच कार्यालयांत, त्याच जुन्या अर्जाचा क्रमांक घालून, विधवेच्या नांवें अर्ज करावा.